टाकीतलं पाणी आणि पिंजऱ्याभोवतीची हवा



आमच्या बैठकीत बचत, हप्ते आणि मसाल्याच्या ऑर्डरी यांच्या पलीकडचा विषय सहसा निघत नाही. पण गेल्या उन्हाळ्यात दौंडकडच्या एका गटातल्या ताईंनी हप्ता भरता भरता विचारलं, "माशांना घालायचं ते निळं औषध कुठं स्वस्त मिळतं?" मुलाच्या हट्टापायी त्यांनी काचेची टाकी आणली होती. मासे तीनदा आणले, तीनदा मेले. दर वेळी दुकानातून नवी बाटली आणली. मुलगा दर वेळी रडला, आणि मेलेले मासे काढायचं काम दर वेळी ताईंकडंच आलं. त्याच महिन्यात शिरूरकडच्या एका घरी पिवळ्या-हिरव्या लव्हबर्डची जोडी सकाळच्या चहापासून स्वयंपाक उरकेपर्यंत मरून पडली. शेजारीण म्हणाली नजर लागली, सासूबाई म्हणाल्या दुकानदारानं आजारीच पाखरं दिली.

मग आम्ही विचारत सुटलो. पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारलं, मासे विकणाऱ्यांना विचारलं, ज्यांच्या घरी पाच-सात वर्षं पाखरं टिकली आहेत त्यांच्याकडं जाऊन बसलो. बहुतेक घरांत आजार असा नव्हताच. मासे आपल्या पाण्यानं मेले होते आणि पाखरं आपल्या स्वयंपाकघरातल्या हवेनं. ही गोष्ट घरात सगळ्यांत आधी बाईला कळली पाहिजे, कारण पाणी भरते तीच आणि चूल-शेगडीपाशी असते तीच.

आधी माशांचं बघू. दौंडच्या ताईंच्या घरी नळाला ग्रामपंचायतीचं पाणी येतं. पावसाळ्याच्या तोंडाला आणि साथीच्या दिवसांत त्यात टीसीएल पावडर जरा सढळ हातानं पडते. ती पडलीच पाहिजे, त्याबद्दल तक्रार नाही. जुलाब-कावीळ टळते ती त्यामुळंच. पण त्यातला क्लोरिन माशाचे कल्ले जाळतो. मासा श्वास घेतो तो कल्ल्यांनी, म्हणजे आपल्या नाकातोंडात धूर कोंडावा तसं त्याचं होतं. पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करणारा मासा भुकेला आहे असं समजून आपण आणखी दाणे टाकतो. तो बिचारा हवा मागत असतो.

यावर उपाय फुकटचा आहे. नळाचं पाणी बादलीत किंवा घमेल्यात काढून उघडं ठेवायचं आणि एक दिवस-रात्र गेली की टाकीत घालायचं. टीसीएलचा क्लोरिन तेवढ्या वेळात उडून जातो. घाई असेल तर माशांच्या दुकानात क्लोरिन मारणारे खडे मिळतात, त्यांना हायपो म्हणतात. दोन-चार खडे विरघळवले की काम होतं. पण ज्या घरात रांजण भरून ठेवायची सवय आहे तिथं एक बादली जास्त भरून ठेवायला काय लागतं?

मग काही जणी हुशारी करतात आणि एटीएमचं पाणी आणतात. पाच रुपयांचं नाणं टाकलं की जार भरतो ते. माणसांना चांगलं म्हणजे माशांना चांगलं, हा त्यामागचा हिशेब. तो चुकतो. त्या मशिनमधून पाणी येतं तेव्हा क्षार जवळजवळ निघून गेलेले असतात. माशाच्या अंगात क्षार असतात आणि बाहेरच्या पाण्यात नसतात, त्यामुळं बाहेरचं पाणी सारखं अंगात शिरत राहतं आणि ते बाहेर टाकण्यात त्याची ताकद संपते. नुसत्या जारच्या पाण्यात मासा टिकत नाही.

आणि तिसरं बोअरचं. शिरूर-दौंड पट्ट्यात कितीतरी ठिकाणी बोअरचं पाणी जड आहे. बादलीच्या कडेला पांढरी पुटं धरतात, डाळ लवकर शिजत नाही, केस राठ होतात, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. त्या पाण्याशी भांडत बसण्यापेक्षा त्या पाण्याचे मासे पाळावेत. गप्पी, मॉली, प्लॅटी हे जड पाण्यात सुखानं राहतात, उलट त्यांना थोडे क्षार लागतातच. निऑन टेट्रासारखे झगमगीत मासे मात्र मऊ पाण्यातले आहेत. दुकानात ते फार साजरे दिसतात, पण आपल्या बोअरच्या पाण्यात त्यांचे हाल होतात. बोअरचं ताजं पाणी थेट टाकीत ओतायचं नाही. जमिनीच्या पोटातून आलेल्या पाण्यात प्राणवायू कमी असतो. बादलीतून बादलीत दोन-चार वेळा उंचावरून ओतलं, किंवा रात्रभर उघडं ठेवलं की ते जिवंत होतं.

गप्पीचं नाव काढलंच आहे म्हणून सांगतो. गप्पी म्हणजे तेच, जे डासांच्या अळ्या खातात म्हणून आरोग्य केंद्रातले कर्मचारी हौदात सोडायला देतात. दुकानात रंगीत शेपटीची जोडी पैसे मोजून घेतात ती त्याच जातीची, फक्त रंगासाठी निवडून निवडून वाढवलेली. नव्यानं सुरुवात करणाऱ्या घराला आम्ही तरी गप्पीच सुचवतो. मेला तरी खिसा फाटत नाही, आणि सहसा मरत नाही.

आता टाकी. गोल काचेचं भांडं आणि त्यात दोन गोल्डफिश, हे चित्र सिनेमात छान दिसतं. प्रत्यक्षात त्या भांड्यात जेमतेम तीन-चार लिटर पाणी मावतं, आणि गोल्डफिश हा वीतभर वाढणारा, नीट ठेवला तर दहा वर्षं आणि त्याहून जास्त जगणारा मासा आहे. घाणही पुष्कळ करतो. म्हशीला कोंबडीच्या खुराड्यात बांधण्यातला तो प्रकार आहे. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशी टाकी घेतली तर त्यात पन्नासएक लिटर पाणी बसतं, म्हणजे आपले साधारण साडेतीन हंडे. त्यात सात-आठ गप्पी किंवा चार-पाच मॉली. यापेक्षा जास्त नको. अगदी लहानच टाकी परवडत असेल तर एकटा फायटर ठेवा. तो वर येऊन हवेतूनही श्वास घेतो, त्यामुळं वीज गेली तरी तग धरतो. पण एकटाच. दोन नर एकत्र सोडले तर दुसऱ्या दिवशी एकच उरतो.

दौंडच्या ताईंचे दुसऱ्या खेपेचे मासे क्लोरिननं नव्हते मेले. त्या खेपेला त्यांनी पाणी मुरवून घातलं होतं. मासे पाच दिवस मजेत होते, सहाव्या दिवसापासून एकेक उलटा व्हायला लागला. हे कोडं सुटायला आम्हाला वेळ लागला, आणि सुटलं ते दह्यावरून.

मासा जे खातो त्याची घाण पाण्यातच पडते आणि तिच्यातून अमोनिया तयार होतो. जनावरांच्या कोंदट गोठ्यात सकाळी डोळ्यांना झोंबतो, तोच. टाकीत तो डोळ्यांना दिसत नाही, पाणी आरशासारखं स्वच्छ दिसतं आणि मासा आतून मरत असतो. जुन्या टाकीत हा अमोनिया खाणारे सूक्ष्म जीव असतात. एक जात त्याचा नायट्राइट करते, तोही विषारीच. दुसरी जात त्या नायट्राइटचा नायट्रेट करते, तो बराच सौम्य. हे जीव खड्यांवर, काचेवर आणि सगळ्यांत जास्त फिल्टरच्या स्पंजात राहतात. नव्या टाकीत ते नसतात, आणि पुरेसे व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. नवा गोबर गॅस बांधला की पहिल्या दिवशी शेगडी पेटत नाही, शेणकाला भरून वाट बघावी लागते. इथंही तसंच.

म्हणून विरजण. कुणाच्या घरी वर्षभर नीट चाललेली टाकी असेल तर त्यांच्या फिल्टरमधला स्पंजाचा तुकडा किंवा मूठभर खडे ओले असतानाच आणून आपल्या टाकीत ठेवायचे. जीव लवकर वाढीला लागतात. तरी सुरुवातीला दोनच मासे सोडायचे, आणि पहिले सहा आठवडे एक दिवसाआड थोडं पाणी बदलायचं.

आता आपली स्वच्छतेची सवय आड येते बघा. महिन्यातून एकदा टाकी रिकामी करून काच साबणानं घासायची, खडे उन्हात टाकायचे, स्पंज नळाखाली धुऊन पांढराफेक करायचा. भांडं लख्ख निघतं आणि विरजणही धुऊन निघतं. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. दौंडच्या ताई हेच करत होत्या, आणि आमच्यातल्या सगळ्या जणींनी हेच केलं असतं. टाकी कधीच पूर्ण रिकामी करायची नाही. आठवड्यातून एकदा चौथा हिस्सा पाणी नळीनं तळाची घाण ओढत काढायचं आणि तेवढंच मुरवलेलं पाणी घालायचं. स्पंज त्या काढलेल्या पाण्यातच दोनदा पिळायचा. साबण अजिबात नाही. काढलेलं पाणी तुळशीला, कढीपत्त्याला घाला. झाडाला ते खतच आहे.

खाणं दोन मिनिटांत संपेल एवढंच द्यायचं. चिमूट म्हणजे खरोखर चिमूट. आल्यागेल्यानं, पोरांनी, आजोबांनी कौतुकानं दाणे टाकायचे नाहीत हे घरात स्पष्ट सांगा. पोळीचे तुकडे आणि बिस्किट तर नाहीच.

उन्हाळ्यात आपल्याकडं पारा चाळिशी गाठतो आणि पाणी जितकं तापेल तितका त्यात प्राणवायू कमी राहतो. त्यात दुपारी वीज गेली की पंप बंद. अशा वेळी तांब्यानं टाकीतलंच पाणी घेऊन उंचावरून परत टाकीत सोडत राहायचं, दर दहा-पंधरा मिनिटांनी. झाकण काढून ठेवा. बर्फ थेट टाकू नका. पाणी गोठवलेली बंद बाटली तरंगत ठेवा, म्हणजे पाणी हळूहळू निवेल. टाकी खिडकीच्या उन्हात आणि पत्र्याला लागून नको.

आणखी एक, शेतकऱ्याच्या घरचं. कांद्यावर औषध मारून आलेला हात टाकीत गेला की संपलं. डासांसाठी गावात धुरळणी होते, घरात फवारा मारतात, त्यातली औषधं माणसाला फारशी जाणवत नाहीत पण माशाला फार थोडी पुरतात. धुरळणीची गाडी आली की टाकीवर ओलं फडकं टाका आणि हवेचा पंप तेवढा वेळ बंद ठेवा, कारण तो बाहेरचीच हवा ओढून पाण्यात सोडतो.

मग औषध लागतंच नाही का? लागतं. अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके आले तर तो खरा आजार, परजीवी जंतूचा. तेव्हा साधं खडे मीठ, लिटरला एक ते दोन ग्रॅम, वेगळ्या पाण्यात विरघळवून दोन दिवसांत थोडं थोडं घालतात. गप्पी-मॉलीला ते चांगलं सोसतं. मिशीवाले मासे असतील तर आधी विचारून घ्या, त्यांना मीठ सोसत नाही. ते निळं औषध मात्र पाणी न तपासता ओतलं की जंतूंबरोबर विरजणातले जीवही मारतं. ताईंच्या तिसऱ्या खेपेला बहुधा तेच झालं.

मासा नकोसा झाला म्हणून ओढ्यात, विहिरीत, घोड-भीमेच्या पात्रात सोडायचा नाही. काच साफ करतो म्हणून विकतात तो सकर मासा मूळचा दक्षिण अमेरिकेतला. लोकांनी टाक्यांतून सोडून दिल्यामुळं देशातल्या कितीतरी नद्यांत तो पसरला आहे. खवले असे कठीण की जाळी फाटतात, आणि विकत कुणी घेत नाही. आपली भीमा पुढं उजनीला जाते, तिथं मासेमारीवर घरं चालतात.

आता पाखरांकडं वळू, शिरूरच्या त्या जोडीकडं.

पिंजरा स्वयंपाकघराच्या दाराशी टांगलेला होता. सकाळी नॉनस्टिक तवा गॅसवर ठेवला, तेवढ्यात फोन आला आणि रिकामा तवा मोठ्या आचेवर तापत राहिला. तसा तवा फार तापला की त्याच्या लेपातून एक वायू निघतो. माणसाला त्याचा वासही नीट येत नाही. पाखराला तो मिनिटांत मारतो. असं का? आपण हवा आत घेतो, तिथूनच बाहेर सोडतो. पाखराच्या फुप्फुसांना हवेच्या पिशव्या जोडलेल्या असतात आणि हवा फुप्फुसातून एकाच दिशेनं वाहत राहते. उडायला प्राणवायू भरपूर लागतो म्हणून ही सोय. पण त्याच सोयीनं विषही भरपूर ओढलं जातं. इंग्लंडमधले कोळशाच्या खाणीतले कामगार विषारी वायू कळावा म्हणून पिंजऱ्यात कॅनरी पक्षी घेऊन उतरत, ते याचमुळं.

तेव्हा पिंजरा स्वयंपाकघरात नको, बंबाच्या बाजूला नको, देवघरातल्या धुपापाशी नको. डासांची कॉइल आणि सुवासिक फवारे त्या खोलीत नकोत. आणि मैत्रिणींनो, जिथं पाखरू टिकत नाही अशा धुरात आपण रोज दोन वेळा बसतो. चुलीपाशी बसून खोकणाऱ्या बाईसाठी कुणी पिंजरा हलवत नाही. ज्यांच्याकडं अजून चूल आहे त्यांनी निदान तिच्यावरची कौलं-पत्रा उचलून धुराला वाट करावी. हा विषय आम्ही पुन्हा स्वतंत्र घेऊ.

आपल्याकडं ज्याला लव्हबर्ड म्हणतात ते बहुतेक वेळा ऑस्ट्रेलियातलं बजरीगर असतं. खरं लव्हबर्ड आफ्रिकेतलं, जाड चोचीचं. दोन्ही पिंजऱ्यात वाढलेल्या जाती आहेत. त्यांच्यासाठी दुकानात कांगणी मिळते, ते म्हणजे आपले राळे. आजीच्या काळी भोगीला ज्याचा भात व्हायचा तेच. नुसत्या राळ्यांवर मात्र पाखरू धड राहत नाही. थोडी बाजरी, स्वच्छ धुतलेली कोथिंबीर, मेथी, किसलेलं गाजर द्या. सूर्यफुलाच्या बिया कमी, त्यानं चरबी चढते. फरसाण, चहात बुडवलेलं बिस्किट, चॉकलेट नको. चुन्यासाठी पिंजऱ्यात समुद्रफेनाचा तुकडा अडकवा. पिंजरा उंच असण्यापेक्षा लांब असावा, कारण पाखरू आडवं उडतं. बसायला प्लॅस्टिकची दांडी काढून पेरूच्या किंवा कडुनिंबाच्या कमी-जास्त जाडीच्या फांद्या लावा, पाय दुखत नाहीत.

पिंजऱ्यात मडकं टांगलं की मादी अंडी घालते, आणि बारमाही टांगून ठेवलं तर घालतच राहते. अंगातला चुना संपतो, अंडं अडकतं आणि ती मरते. वर्षातून दोन वेळा पुरे. मग मडकं काढून ठेवा, तिला विसावा द्या.

आजारी पाखरू आजार लपवतं. रानात दुबळं दिसलं की शिकारी उचलतो, म्हणून ही जन्मजात खोड. पिसं फुगवून बसलं, दिवसा झोपतंय, श्वासाबरोबर शेपूट खालीवर होतंय, असं दिसेपर्यंत आजार पुढं गेलेला असतो. त्याआधी ओळखायचं तर वजन करा. मसाल्याच्या पुड्या भरायला आपल्या गटात ग्रॅमचा काटा आहेच. बजरीगर तीस-चाळीस ग्रॅमचं असतं, लहान लिंबाएवढं. दर रविवारी झाकणाला भोकं पाडलेल्या डब्यात ठेवून तोला, डब्याचं वजन वजा करा, वहीत लिहा. तीन-चार ग्रॅम उतरले तर त्याच दिवशी दवाखाना. नेईपर्यंत पिवळ्या बल्बची ऊब मिळेल अशा खोक्यात ठेवा.

पिंजऱ्यातली विष्ठा कोरडी झाडू नका, पाणी शिंपडून ओल्या फडक्यानं पुसा. तिच्या धुळीतून माणसाला ताप-खोकल्याचा एक आजार होऊ शकतो. घरात कुणाचा ताप रेंगाळला तर डॉक्टरांना आपणहून सांगा की आमच्याकडं पाखरं आहेत.

ज्यांच्या अंगणात गावरान कोंबड्या आहेत त्यांनी पाखरांचं आणि कोंबड्यांचं एकत्र करू नये. बाजारातून नवीन पाखरू आणलं तर महिनाभर वेगळ्या खोलीत. २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशात पहिल्यांदा बर्ड फ्लू सापडला आणि २०२१ च्या जानेवारीत परभणीजवळच्या मुरुंबा गावात पुन्हा आला, तेव्हा कोंबडीवाल्या घरांचं काय झालं ते आपण ऐकून आहोत. एकदम चार-दोन पक्षी मेले तर ओढ्यात फेकू नका, उघड्या हातानं उचलू नका. पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा १९६२ या नंबरावर कळवा.

आणि मिठू. गळ्याला गुलाबी कडं असलेला आपला पोपट पाळता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं तो गुन्हा आहे, तुरुंग आणि दंड दोन्ही होऊ शकतात. "आमच्या घरात वीस वर्षं आहे, कुणी विचारलं नाही," असं आम्हाला तीन घरांत ऐकायला मिळालं. कुणी विचारलं नाही हे खरं. पण ढोलीतून पिल्लं काढून, पिशवीत कोंबून आणताना वाटेतच मरतात, त्यांचा हिशेब त्या एका मिठूच्या मागं असतो. कुणाकडं असेल तर दार उघडून सोडून देऊ नका, हातावर वाढलेल्याला बाहेर जगता येत नाही. वन विभागाच्या १९२६ नंबरावर विचारा. पाखरांची हौस पिंजऱ्याशिवायही भागते. आपल्या शिरूर तालुक्यातल्या मोराची चिंचोलीत मोर शेतात, अंगणात फिरतात, लोक दाणापाणी ठेवतात. उन्हाळ्यात परळात पाणी ठेवा, रोज घासून बदला. चिमण्या, बुलबुल, साळुंक्या येतात.

शेवटचा प्रश्न पुष्कळ जणींनी विचारला: माहेरी किंवा जत्रेला चार दिवस जायचं तर काय करायचं? माशांचं सोपं आहे. धडधाकट मोठा मासा तीन-चार दिवस न खाता राहतो. जाण्याआधी पाणी बदला, पंप चालू ठेवा, शेजारणीला दाणे टाकायला सांगू नका, ती माया करते. पाखरू मात्र एक दिवसही उपाशी-तहानलेलं ठेवायचं नाही. पिंजरा शेजारी नेऊन द्या, सोबत राळ्यांची पिशवी द्या, आणि आपल्या दवाखान्याचा नंबर चिठ्ठीवर लिहून पिंजऱ्याला बांधा. आणि तिचा तवा कसला आहे तेही बघून घ्या.